कुरुळीच्या बायकांना न विचारलेले प्रश्न

सेनगावच्या स्टँडवर गाडी सुटता सुटता माय खिडकीखाली आली आणि म्हणाली, "पेशंटला हात लावायच्या आधी तळवे चोळून गरम करीत जाय." तिनं आयुष्यभर गावातल्या बाळंतिणींची अंगं चोळली होती. मी फिजिओथेरपी शिकून निगडीच्या एका हॉस्पिटलात नोकरीला निघाले होते. बाप गाडीच्या पलीकडच्या बाजूला जाऊन उभा राहिला, रडताना दिसू नये म्हणून.

पहिली दोन वर्षं मी मावसबहिणीसोबत पुण्याजवळच्या कुरुळीत राहिले. शेजारी सुमनताई. जुन्या कुरुळीतल्याच, कंपनीत ठेक्यावर जाणाऱ्या. दिवसभर सुट्या भागांचे क्रेट उचलून वरच्या रॅकवर ठेवायचं काम. आमच्याकडं बायका शेतात राबायच्या. इथं शिफ्टमध्ये राबत होत्या. मी मात्र पटापट बदलले. 'काहून' सोडून 'का' म्हणायला लागले, पेशंटला 'रिलॅक्स' म्हणायला लागले.

तेवढ्यात विभागात नवं काम आलं. खांद्याच्या दुखण्याची एक इंग्रजी प्रश्नावली मराठीत आणायची. नमुना म्हणून तुर्की बोलणाऱ्या रुग्णांसाठी केलेलं असंच काम मला वाचायला दिलं. मराठी भाषांतर कुणीतरी आधीच करून ठेवलं होतं. फॉर्म भरून घेणं माझ्याकडं.

सुमनताईंचा खांदा धरला तेव्हा मीच त्यांना हॉस्पिटलात घेऊन गेले आणि वाचलं, "खांद्याच्या पातळीच्या वर वस्तू ठेवण्यात आपणांस कितपत अडचण येते?"

"ठिवतेच की," त्या म्हणाल्या. "न्हाई ठिवून कुणाला सांगता?"

मी खूण केली: अजिबात नाही. माझ्याच हातानं. पुढच्या सगळ्या प्रश्नांना असंच. बेरीज इतकी चांगली आली की त्यांना कामाला योग्य म्हणून लिहून दिलं, आणि कंपनीनं पुन्हा त्याच रॅकवर उभं केलं. महिन्याभरात त्यांना स्वतःची वेणी घालता येईना. ठेकेदारानं सांगितलं, सोमवारपासून येऊ नका.

मी फॉर्म घेऊन विभागप्रमुख मॅडमकडं गेले. "उलट भाषांतर करून बघितलंय," त्या शांतपणे म्हणाल्या. "मराठीचं परत इंग्रजी केलं तर शब्दाला शब्द जुळतो."

"इंग्रजीशी जुळतो, मॅडम. कुरुळीशी जुळत नाही."

"अडाणी पेशंटसाठी शास्त्र बदलायचं का?"

माझा आवाज इतका चढला की बाहेरची सिस्टर आत आली. त्या तुर्की कामात रुग्णांना आधी विचारलं होतं, 'हे वाक्य तुम्हाला कसं कळलं?' मग आमच्या बायकांना विचारायला काय लाज वाटते? मॅडम म्हणाल्या, "कर तुला काय करायचं ते. तुझ्या सुट्टीत."

मग चार रविवार सुमनताईंच्या ओट्यावर बायका जमवल्या. 'वैयक्तिक स्वच्छता' म्हणजे त्यांना घर झाडणं वाटलं. 'फुरसतीच्या वेळेतील क्रिया' ऐकून एक जण इतकी हसली की पदर तोंडाला लावून बसली. ज्या बाईला फुरसत नाही तिनं कुठल्या चौकोनात खूण करायची? आम्ही वाक्यं मोडली. "वरच्या फळीवरचा डबा काढताना खांदा दुखतो का? दुखत असूनही काढता का?" दुसरा प्रश्न सुमनताईंनी सुचवलेला. तो विचारला की बायका बोलायला लागायच्या. आठवड्यानं त्याच बायकांना तोच फॉर्म पुन्हा दिला, उत्तरं टिकतात का बघायला. टिकली.

नवा फॉर्म शेवटी मान्य झाला. लेख छापून आला, त्यात कुरुळीच्या बायकांचा उल्लेख 'नमुना' असा. माझं नाव सगळ्यात शेवटी, सुमनताईंचं कुठंच नाही. त्यांचा नवा अहवाल घेऊन, त्यांना बसून करायचं काम द्या म्हणायला मी कंपनीच्या गेटवर गेले, तर जागा भरली होती. व्यायामानं त्यांचा हात आता कानापर्यंत जातो, त्याच्या वर जात नाही. त्यांनी मला कधी दोष दिला नाही. एकदाच म्हणाल्या, "तू खूण केलीस, पर मी बी सांगितलंच कुठं?" हे ऐकून मला जास्तच संताप आला. त्यांनी सांगितलं होतं. ऐकलं नव्हतं ते आम्ही.

मी आता पुनावळ्यात राहते. हॉस्पिटलात मी मराठवाड्याची, सेनगावला गेले की पुण्याची. परवा भावानं फोनवर विचारलं, "ताई, आता तिकडचीच झालीस का?" त्याला, आणि माझ्यासारख्या गाव सोडून आलेल्या सगळ्यांना सांगते: सेनगावला माझं अंथरूण अजून घातलेलं असतं, पण तिथं मी पाहुणी असते, कुणाशी भांडत नाही. इथं भांडते. आणि परक्यांसाठी माणूस एवढं भांडत नाही.