पिस्ता रंगाची सराई

फोन आला तेव्हा मी दुधाला विरजण लावत होते. पलीकडचा तरुण माणूस फार अदबीने बोलत होता. मी लातूरहून, गर्ल्स हॉस्टेलचा मॅनेजर बोलतोय, आमच्या रेक्टर मॅडम काल वारल्या, अडीअडचणीसाठी त्यांनी तुमचा नंबर देऊन ठेवला होता, तर त्यांची खोली कधी रिकामी करून देता… सोमवारी नवीन बॅच येतेय. मी विचारलं, मिट्टी झाली का? तो म्हणाला, कालच संध्याकाळी झाली, मागच्या गेटने कब्रस्तानात नेलं, मुलींच्या मनावर परिणाम नको म्हणून. मग थोडं थांबून म्हणाला, ‘त्रास दिला, सॉरी हं आज्जी.’ त्याला वाटलं मी रडतेय. मी रडत नव्हते. विरजण जास्त पडलं होतं, ते चमच्याने काढत होते.

ईरा आणि निनाद, तुम्हाला नफीसा ‘बादशहावाली आजी’ म्हणून आठवत असेल. निनाद, तिने तुला मुघल बादशहांची नावं शेवटापासून म्हणायला लावली होती आणि चुकलास की पुन्हा शेवटापासून. तुम्ही तिकडे परदेशी परत गेल्यावर फोनवर विचारलं होतंत, ती आजी हॉस्टेलमध्ये का राहते, तिला घर नाही का? तेव्हा मी विषय बदलला. आता ती जाऊन काही आठवडे झाले आहेत आणि उत्तर देण्यात कुणाची अडचण उरलेली नाही. तिला घर होतं. त्या घराला वाचवण्यासाठी तिने सरकारकडे अनुदान मागितलं होतं. ते अर्ज मी लिहीत होते.

नफीसा आणि मी लातूरच्या एकाच कॉलेजात शिकवायचो. ती इतिहास, मी इंग्रजी. माझं शिक्षण हैदराबादच्या कॉन्व्हेंटमधलं, प्रत्येक कागदाला क्रमांक देण्याची सवय तिथली. नफीसाला कागद सापडत नसत, पण माणसं सापडत. ती राहायची औसा रोडला, एका जुन्या सराईत. सराई म्हणजे वाटसरूंनी उतरायची जागा: मधे चौक, चारी बाजूंनी काळ्या दगडाच्या कमानी आणि कमानींमागे ओवऱ्या. दरवाजावर एक कोरीव लेख होता, झिजलेला, फारसीतला. कुणीही यावं, पाणी प्यावं, तीन रात्री राहावं आणि निघताना यजमानाला नाव सांगायची सक्ती नाही, असा त्याचा अर्थ. हे तिने पहिल्याच दिवशी मला स्टुलावर उभं करून, बोटाने अक्षरं दाखवत वाचून दाखवलं. ज्याला त्याला दाखवायची. सराई तिच्या आजोबांकडून वडिलांकडे आली. वडिलांनी तिला एम.ए. करू दिलं आणि त्या बदल्यात तिचा हिस्सा भावाच्या नावावर लिहून घेतला. ‘सस्त्यात सुटले,’ असं ती हसून म्हणायची.

मग गणपती विसर्जनानंतरच्या पहाटे भूकंप झाला. लातूर शहर वाचलं, पलीकडची गावं गेली, हे तुम्ही ऐकलं आहे. सराईच्या तीन कमानींना वरपासून खालपर्यंत तडे गेले. नफीसा पंचनामा करा म्हणून तलाठ्याकडे गेली, मी सोबत होते. तो माणूस त्या गावांकडून नुकताच परतला होता, त्याच्या चपलांना अजून तिकडची माती होती. त्याने विचारलं, ‘तुमच्याकडं कोणी गेलं का?’ ती म्हणाली, नाही. ‘मग पंचनामा कशाचा करू, बाई? घरी जा. नशीबवान हाव तुम्ही.’ बाहेर आल्यावर तिने रिक्षाला हात केला. तो बरोबर बोलला, एवढंच म्हणाली. नंतर कितीतरी वर्षं तिने तड्यांचा विषय काढला नाही. मेलेल्यांच्या रांगेत दगड घेऊन उभं राहायची तिला लाज वाटली.

त्या वर्षांत लातूर बदललं. मुलं बोर्डात झळकू लागली, मग डॉक्टर-इंजिनीअर होऊ लागली आणि हदगाव, भोकर, देगलूर, जिथून तिथून आईबाप ट्रंका घेऊन लातूरच्या स्टँडवर उतरू लागले. ज्याच्याकडे जास्तीची खोली होती त्याने ती भाड्याने दिली. ज्याच्याकडे नव्हती त्याने गोठा पाडून बांधली. औसा रोडच्या जागेला सोन्याचा भाव आला. नफीसाचा भाऊ, भाईजान, लाकडाच्या वखारीचा धंदा करायचा. तो वाईट माणूस नव्हता, हे मी मुद्दाम लिहिते. तीन मुलींची लग्नं डोक्यावर होती आणि रोज कुणीतरी बिल्डर वखारीत येऊन चहा पिऊन जायचा. एका दुपारी त्याने माझ्यासमोरच तिला विचारलं, ‘पत्थर कू कित्ते दिन संभालेगी? पत्थर तेरे कू संभालता क्या?’

शेवटी बोलणं ठरलं. सराई संरक्षित इमारत म्हणून जाहीर झाली आणि दुरुस्तीला अनुदान मिळालं, तर भाईजान विकणार नाही. त्यासाठी तो पुढच्या जूनपर्यंत, म्हणजे कॉलेजांच्या नव्या बॅचपर्यंत थांबेल. नाही मिळालं तर ती हूं का चूं करणार नाही. मालक म्हणून त्याने संमतीपत्रावर सही केली. कुटुंबात इतकं स्वच्छ बोलणं मी क्वचित पाहिलं आहे.

आम्ही पुरातत्त्व खात्याकडे अर्ज केला. नकाशा, फोटो, लेखाचा ठसा, उतारा, दुरुस्तीचा अंदाज, सगळं मी जोडलं. खात्याने विचारलं, तडे भूकंपानेच गेले याचा पंचनामा आहे का? नव्हता. एका निवृत्त इंजिनीअरचा दाखला जोडला. मग खात्याने विचारलं, स्थानिक लोकांना या वास्तूबद्दल आस्था आहे, याचा पुरावा काय? हा प्रश्न मला अजून आठवतो, कारण तेव्हापर्यंत स्थानिक लोकांना काडीचीही आस्था नव्हती. ते तिथे शेळ्या बांधत आणि रिक्षा धूत. ‘मॅडमचं खूळ’ हेच सराईचं मोहल्ल्यातलं नाव होतं.

नफीसा घरोघर गेली. बायकांशी चुलीपाशी बसून बोलली, पोरांना चौकात गोळा करून लेख वाचून दाखवला. समोर शिवलिंगअप्पांचं रंगाचं आणि हार्डवेअरचं दुकान होतं. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, आवाज असा की गिऱ्हाईक रस्त्याच्या पलीकडून भाव ऐकत असे. अप्पा आधी तिची थट्टा करायचे: ‘मॅडम, तुमची सराई पडली की दगड मला द्या, कोंबड्यांचं खुराडं बांधतो.’ त्या अप्पांना तिने एक दिवस सांगितलं की त्यांचे पणजोबा उदगीरहून बैलांवर मिरची घेऊन यायचे तेव्हा इथेच उतरायचे. दुसऱ्या दिवशी अप्पांनी स्वतः उभं राहून शेळ्या सोडवल्या. त्या हिवाळ्यात मी पाहिलं, की मोहल्ला खरोखरच तिच्या बाजूला आला होता. सह्यांचा कागद भरला, मागच्या बाजूला अंगठे उठवावे लागले.

मे महिन्यात पत्र आलं. खात्याचे साहेब पाहणीला येणार. त्यांच्या अहवालावर सगळं होतं आणि जून तोंडावर आला होता. नेमकी त्याच आठवड्यात नफीसाला उदगीरला परीक्षेची ड्यूटी लागली. निघताना ती मोहल्ल्याला सांगून गेली, साहेब येतायत, जागा नीट ठेवा, चांगली दिसली पाहिजे.

आपल्याकडे पाहुणा येणार म्हटल्यावर माणूस काय करतो, हे तुम्हाला तिकडे बसून कळणार नाही. भिंतीला हात मारतो. लग्न असो, उरूस असो, मंत्र्याची गाडी असो, आधी रंग. पाहुण्याला मळक्या भिंतीखाली बसवणं म्हणजे त्याचा अपमान.

मी पेपर तपासायला नांदेडला गेले होते, तिथून सकाळच्या गाडीने उतरले, ती उदगीरहून. स्टँडवर भेटलो. ती खुशीत होती, ठेवणीतली साडी नेसली होती. वळणावर आलो आणि सराई दिसली. पिस्ता रंगाची होती. ऑइलपेंट, दोन हात, चकाकणारा. तीनही तडे सिमेंटने भरून घोटले होते. दरवाजावरच्या लेखातली अक्षरं लांबी, म्हणजे पुट्टी, भरून सपाट केली होती, पृष्ठभाग गुळगुळीत झाल्याशिवाय रंग बसत नाही म्हणून, आणि त्याच जागी लाल अक्षरांत लिहिलं होतं: ‘साहेबांचे हार्दिक स्वागत. रंग देणगीदार: शिवलिंगअप्पा.’ खाली रांगोळी होती. सगळा मोहल्ला धुतलेल्या कपड्यांत उभा होता. काहींच्या कोपरांना अजून हिरवा रंग होता.

नफीसा थांबली. मी तिचा हात धरायला गेले, तिने तो सोडवून पदर सारखा केला आणि सरळ अप्पांसमोर जाऊन उभी राहिली.

‘अप्पा, लई मेहनत घेतली तुम्ही.’

‘मेहनत कशाची, मॅडम. सगळं गल्लीनं केलं, माझा फकस्त डबा. तुमच्या मनासारखं झालं का न्हाई, तेवढं सांगा.’

‘झालं,’ ती म्हणाली.

साहेब तरुण होते, सभ्य होते. हार घातला, शाल घेतली, पोहे खाल्ले, चौकातून एक फेरी मारली. मग नफीसाला बाजूला घेऊन, लोकांना ऐकू जाऊ नये एवढ्या हळू आवाजात म्हणाले, ‘मॅडम, आता तुमच्या अर्जातली इमारत दाखवा.’

ती म्हणाली, ‘हीच.’

मी इंग्रजीत बोलले, मराठीत बोलले. रंग काढता येतो, हे मला माहीत होतं. त्यांनाही माहीत होतं. पण ते वेगळं काम, त्याचा वेगळा प्रस्ताव, तो पुढच्या वर्षी. त्यांनी अहवालात लिहिलं की वास्तूचं मूळ स्वरूप राहिलेलं नाही. खोटं एक अक्षरही लिहिलं नाही.

जूनमध्ये भाईजानने सौदा केला. तो दिलेल्या शब्दाला जागला होता, आता तिने जागायचं होतं. ती जागली. एकच गोष्ट तिने माझ्याकडून वदवून घेतली, की अर्ज कशामुळे फेटाळला हे अप्पांना कधी कळता कामा नये. अप्पा मरेपर्यंत सरकारला शिव्या देत राहिले. ‘एवढं चकाचक करून दिलं, तरी पैसे दिले न्हाईत भाड्यांनी. खायला पायजे होतं त्यांना.’ नफीसा दुकानाच्या पायरीवर बसून मान हलवायची. खरंय अप्पा, म्हणायची. आता अप्पाही नाहीत, म्हणून लिहिते.

सराईच्या जागी चार मजली हॉस्टेल उभं राहिलं. बहिणीला मरेपर्यंत एक खोली, ही अट भाईजानने सौद्यात घातली होती. ती निवृत्त झाल्यावर मालकाने तिलाच रेक्टर केलं, बाहेरचा माणूस ठेवण्यापेक्षा बरं. ज्या चौकात कुणाला नाव विचारायचं नाही असा हुकूम होता, तिथे ती रोज संध्याकाळी हजेरी घ्यायची. मी एकदा चिडून विचारलं, कशी राहतेस तू इथे? ती म्हणाली, ‘अजून लोक उतरतातच की, बाई. फक्त तीन रात्रींऐवजी दोन वर्षं.’ मला हसू आलं नाही. तिलाही अपेक्षा नव्हती.

फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी लातूरला गेले. खोलीत फारसं काही नव्हतं. साड्या, चष्मे, पुस्तकं. भाईजान येऊन कुराण घेऊन गेला होता. खिडकीत एक लोखंडी उलथनं होतं. तिच्या खोलीत चूल नव्हती, गॅस नव्हता, जेवण मेसचं. उलथन्याचा एक कोपरा झिजून गोल झाला होता. मी मॅनेजरला विचारलं, हे कशाला? तो जरा ओशाळला आणि मला मेसच्या मागे घेऊन गेला.

तिथे सराईची एक कमान शिल्लक होती. वर पाण्याची टाकी ठेवायला बरी म्हणून कंत्राटदाराने पाडली नव्हती. पिस्ता रंग अजून घट्ट होता, पण एका बाजूने, बसलेल्या माणसाचा हात पोहोचेल एवढ्या उंचीपर्यंत, तो खरवडून काढलेला होता. खालचा दगड काळा, कोरडा, स्वच्छ. मॅनेजर म्हणाला, मॅडम दुपारी इथं येऊन बसायच्या, आम्हाला वाटायचं उन्हापासून. भिंत लई खराब केली त्यांनी. आता पेंटर बोलावलाय, नव्या बॅचच्या आधी एक हात मारून घेतो.

पेंटर बादली घेऊन आलाच होता. पण त्या उघड्या दगडाला पाठ टेकून एक मुलगी बसली होती, मांडीवर जीवशास्त्राचं पुस्तक. दगड गार असतो, ऑइलपेंटला पाठ चिकटते. मॅनेजरने तिला उठायला सांगितलं. ती हदगावकडची होती, बोलण्यावरून कळलं. तिने मान वर केली नाही.

‘सर, अभ्यास करून राहिले ना मी. परीक्षा झाल्यावर मारा रंग.’

पेंटरने विचारलं, कोणती परीक्षा? तिने सांगितली. त्यानंतर? दुसरी होती. मग बारावी, मग प्रवेशाची, आणि त्यात नंबर लागला नाही तर पुन्हा तीच. पेंटरने बादली उचलली आणि तो जिन्याकडे गेला.

मुलीचे ओठ हलत होते. ती पेशींचे भाग पाठ करत होती आणि तिचं नख आपोआप हिरव्या रंगाच्या कडेवर चाललं होतं. एक खपली निघाली, मांडीवर पडली, तिने न बघताच झटकली.

‘अगं, भिंत खरवडू नकोस,’ मॅनेजर ओरडला. मग माझ्याकडे वळून, माफी मागितल्यासारखं म्हणाला, ‘सगळ्याच पोरींना लागलीय ही सवय.’