घोरपडे बाईंची कार्यशाळा

घोरपडे बाई गेल्याचं मला बिरा पुकळेनं फोनवर सांगितलं. आवाज शांत होता त्याचा. "सर, बाई गेल्या. सकाळी चहा घेतला, खुर्चीत टेकल्या, आन् तशाच..." आता महिना होत आला. नव्वदीला टेकल्या होत्या, कुणाला त्रास न देता गेल्या, असं भेटायला येणारे म्हणतात, आणि ते खरंही आहे. पण आम्हा सहकाऱ्यांना त्यांनी जो त्रास दिला, तो कुठंतरी लिहून ठेवावा असं मला राहून राहून वाटतं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी वाईचा, घाटावरच्या भिक्षुकाच्या घरातला. पुण्यात एम.एस्सी. करून इस्लामपूरजवळच्या एका नव्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायला आलो. कॉलेज म्हणजे चार खोल्या, एक प्रयोगशाळा आणि भोवती ऊस. मुलं आसपासच्या वस्त्यांवरची, काही थेट जत-आटपाडीकडची. मी जीव तोडून शिकवायचो आणि दिवाळीपर्यंत माझा वर्ग निम्मा रिकामा व्हायचा. दुसरं वर्ष सरत आलं तेव्हा मी राजीनामा लिहून ठेवला होता. बँकेच्या परीक्षेला बसायचं, वाईला परत जायचं, असं ठरलंच होतं.

घोरपडे बाई रसायनशास्त्र शिकवायच्या. वडील सैन्यात सुभेदार होते, त्यामुळे घड्याळाशी त्यांचं जवळचं नातं. आवाज मात्र कधी चढला नाही. त्या मे महिन्यात त्यांनी सूचना फिरवली: सहा दिवसांची कार्यशाळा, सगळ्यांसाठी. सुट्टीत कसली कार्यशाळा, म्हणून कुरकुर झालीच. आमच्या हेडक्लार्कना वाटलं, साखर कारखान्याच्या वर्कशॉपसारखं काहीतरी असणार. कुठलं मशीन दुरुस्त करायचंय, असं त्यांनी बाईंना खरंच विचारलं. बाई म्हणाल्या, "आपलंच." खरी खळबळ झाली ती पहिल्या सकाळी. प्राध्यापकांच्या बरोबरीनं बाईंनी ग्रंथालयातले शिपाई, क्लार्क आणि प्रयोगशाळेतला शिपाई बिरा यांनाही बाकांवर बसवलं होतं. बिरा तेव्हा विशीतला, आटपाडीकडच्या धनगराच्या घरातला, मॅट्रिकला दोनदा बसून नापास झालेला. नोकरीत अजून कायमही नव्हता.

बाईंनी सांगितलं, रोज एकानं वर्गात शिकवतो तसा धडा घ्यायचा आणि बाकीच्यांनी फक्त आपल्याला काय कळलं नाही तेवढंच सांगायचं. पहिला धडा त्यांनी स्वतः घेतला. उत्तम झाला. सगळे माना डोलावत होते. बाईंनी एकेकाला विचारलं, प्रत्येकानं छानच म्हटलं. मग त्या बिरापाशी आल्या. तो उभा राहिला. "बाई, रागावणार न्हाई न्हवं? तुमी प्रश्न इचारता, आन् उत्तर बी तुमीच देता. आमी इचार करायच्या आत."

बाईंनी फळा पुसला आणि तोच धडा पुन्हा सुरू केला. या खेपेला प्रश्न विचारला आणि थांबल्या... इतक्या थांबल्या की आम्हालाच अवघडल्यासारखं झालं. शेवटी ग्रंथालयातल्या शिपायानं उत्तर दिलं. चुकीचं होतं, पण त्यातूनच तो धडा असा काही उलगडला की मी वहीत लिहायचं विसरून गेलो.

त्याच दुपारी एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी प्राचार्यांकडं तक्रार केली. शिपायानं प्राध्यापकांच्या चुका काढायच्या असतील तर कॉलेज कशाला चालवायचं, असं त्यांचं म्हणणं. बिराला बोलावणं आलं. माफी लिहून दे, नाहीतर घरी जा, इथपर्यंत गोष्ट गेली होती. तो व्हरांड्यात उभा होता. बाई त्याच्याबरोबर आत गेल्या. त्यांनी काय सांगितलं ते आम्हाला नंतर प्राचार्यांकडूनच कळलं. "प्रश्न मी विचारला होता. त्यानं खरं उत्तर दिलं. यात गुन्हा असेल तर पहिलं नाव माझं लिहा." दुसऱ्या दिवशी प्राचार्य स्वतः येऊन शेवटच्या बाकावर बसले. तक्रार करणारे सर मात्र त्या वर्षी फिरकले नाहीत. पुढच्या मे महिन्यातल्या कार्यशाळेला ते आले, वही उघडून बसले.

चौथ्या दिवशी माझी पाळी होती. संपल्यावर मीच बिराकडं बघितलं. तो हळूच म्हणाला, "सर, तुमी डोळं मिटून सांगता. मंत्र म्हणल्यागत. लय ग्वाड वाटतं, पर आमच्यासाठी हाय असं वाटत न्हाई." सगळे हसले, मीही हसलो, पण आत कुठंतरी लख्ख कळलं. लहानपणापासून पाठांतराची सवय. मी मुलांना शिकवत नव्हतो, नुसतं पाठ म्हणून दाखवत होतो. संध्याकाळी बाईंना राजीनाम्याचं सांगितलं. त्यांनी फक्त एवढंच विचारलं की डोळे उघडे ठेवून एक वर्ष शिकवून बघायला काय हरकत आहे. मी शिकवून बघितलं... पुढं निवृत्त होईपर्यंत बघत राहिलो. त्या वर्षी दिवाळीनंतरही माझ्या वर्गात जागा धरायला मुलं लवकर येऊ लागली.

पाचव्या दिवशी बाईंनी बिरालाच पुढं उभं केलं. बिघडलेला तराजू कसा लावायचा, ते त्यानं आम्हाला दाखवलं. दोन वर्षं मी तो तराजू मोडका समजत होतो. बिरा पुढं कायम झाला, बाईंच्या शिकवणीनं मॅट्रिक सुटला, प्रयोगशाळा सहायक म्हणून निवृत्त झाला.

परवा सांगलीला बाईंच्या घरी गेलो. रविवार होता; निवृत्तीनंतर बाई दर रविवारी घरीच ही कार्यशाळा घ्यायच्या. बाईंच्या भाचीनं दार उघडलं. बाहेरच्या खोलीत फळ्यासमोर सात-आठ तरुण प्राध्यापक सतरंजीवर बसले होते. भाची म्हणाली, "मावशी गेली म्हणून बंद करायचं का, असं विचारलं मी त्यांना. ते म्हणाले, आम्ही येणार." त्यांतलीच एक मुलगी उभी राहून धडा घेत होती. मला मागं जागा करून दिली. धडा संपल्यावर तिनं एकेकाकडं बघत शेवटी माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "सर, तुम्हाला काय कळलं नाही?"

मी क्षणभर छान म्हणणार होतो. मग उभा राहिलो आणि खरं ते सांगितलं. तिनं फळा पुसला.