‘मारला’ असं लिही

आमच्या धरमपेठेतल्या घरात जेवणाच्या टेबलासमोरच्या भिंतीवर बिबट्याचं डोकं आहे. तुमचे बाबा लहानपणी त्याच्या नजरेखाली भात संपवत. दर शनिवारी मी ते कोरड्या ब्रशनं झाडते, कानांमागे कापूर ठेवते आणि काचेचे डोळे ओल्या फडक्यानं पुसते. लग्न होऊन आले तेव्हापासून हे काम माझ्याकडे आहे. पन्नासहून जास्त वर्षं मी एका जनावराचा चेहरा पुसत आले. तो मेला कसा, असं कोणी विचारलं असतं तर मी एका शब्दात उत्तर दिलं असतं. आता मला ते देता येत नाही, म्हणून तुम्हा दोघा नातवंडांना हे लिहिते आहे. थोरलीला मराठी वाचायला वेळ लागतो, पण येतं. तिनं धाकट्याला वाचून दाखवावं.

नाताळच्या सुट्टीत तुम्ही परदेशातून येणार हे ठरलं होतं. मी मधल्या खोलीतली कपाटं रिकामी केली, नवीन मच्छरदाण्या शिवून घेतल्या. मग थोरलीचा फोन आला. पडद्यावर तिचा चेहरा अगदी गंभीर होता.

“आजी, मी येणार नाही. मजेसाठी मारलेल्या प्राण्यासमोर बसून मला जेवता येणार नाही.”

“अगं, तुझ्या जन्माच्या कितीतरी आधीचा आहे तो.”

“पण पणजोबांनी तो मजेसाठीच मारला ना?”

तेवढ्यात तिच्या मागे टेबलावर एक पांढरी कवटी दिसली. मी विचारलं तर ती खुलली. कोल्ह्याची कवटी होती. शाळेच्या रस्त्यावर गाडीखाली आलेला कोल्हा तिच्या बाईंनी उचलून आणला, मुलांनी तो साफ केला आणि कवटी हिच्या वाट्याला आली. वर तिनं हेही सांगितलं, की त्यांच्या शेजारचे एक गृहस्थ गाडीनं मेलेलं हरीण रीतसर कळवून घरी आणतात आणि हिवाळाभर खातात. काही वाया जाऊ देत नाहीत.

“म्हणजे गाडीनं मारलं तर ठेवायचं आणि बंदुकीनं मारलं तर नाही?” मी विचारलं.

“आजी, गाडीवाल्याला मारायचं नव्हतं!”

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ त्या बिबट्याकडे बघत बसले. त्याच्या बाजूनं बघितलं तर काय फरक पडतो, हे मला कळेना. पण थोरलीला पडत होता, आणि ती येणार की नाही हे त्याच फरकावर ठरणार होतं.

आता आमच्या घरात काय सांगितलं जायचं ते ऐका. तुमचे पणजोबा, म्हणजे माझे सासरे, वकील होते. तेव्हा जंगलखातं शिकारीसाठी जंगलाचा एकेक तुकडा ठरावीक दिवसांपुरता देत असे, त्याला ब्लॉक म्हणत. मामंजींना सिवनीकडे एक ब्लॉक मिळाला. ते ड्रायव्हरला घेऊन जीपनं गेले आणि पाचव्या दिवशी सकाळी बिबट्या घेऊन परत आले. सारी गल्ली लोटली. तुमचे आजोबा तेव्हा नऊ वर्षांचे. मामंजींनी त्यांना उचलून बिबट्याच्या मिशांना हात लावू दिला. शाळेत त्यांना वर्षभर ‘वाघमाऱ्याचा पोरगा’ म्हणत. बिबट्याचा वाघ करून टाकला होता पोरांनी, पण आजोबांनी कोणाला दुरुस्त केलं नाही. मामंजी कडक होते, मुलांशी फारसं बोलत नसत. वडिलांनी उचलून घेतल्याची आजोबांची आठवण ही एवढीच.

या गोष्टीवर सरकारी शिक्का मी मारला. मी नवी सून होते तेव्हा वन्यप्राण्यांचा कायदा आला, आणि घरात कातडी, शिंगं, डोकी असतील त्यांनी ती लिहून द्यावीत असं निघालं. मामंजींना माझ्या इंग्रजी अक्षराचं फार कौतुक. त्यांनी फॉर्म माझ्यापुढे ठेवला. लांबी, रंग, दात, सगळं मी मोजून लिहिलं. ‘कसं मिळालं’ या रकान्याशी थांबून मी विचारलं, “मामंजी, इथे काय लिहू?”

ते खिडकीबाहेर बघत होते. तिकडेच बघत म्हणाले, “मारला, असं लिही.”

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. ‘मारला’ला इंग्रजीत एक शब्द नाही, चार-पाच आहेत. मी अडले नाही. मी ‘शॉट’ लिहिलं, गोळी घालून मारला. मामंजींनी चष्मा लावला, त्या ओळीवर बोट ठेवलं, माझ्याकडे बघितलं, परत कागदाकडे बघितलं आणि सही केली. मला वाटलं, ते माझं अक्षर बघताहेत.

थोरलीच्या फोननंतर मला एकच आशा होती. बिबट्या कुठल्या गावातली गुरं मारत असेल, लोकांनी मामंजींना बोलावलं असेल, तर ‘मजेसाठी’ हा शब्द तरी जाईल. हे सांगू शकेल असं एकच माणूस उरलं होतं. ड्रायव्हर गेले त्याला खूप वर्षं झाली, पण त्यांची बायको कोराडीला मुलाकडे असते. मुलगा वीज केंद्रातून रिटायर झाला आहे. मी सकाळीच ऑटो केली. आजोबांना म्हटलं, दाताच्या डॉक्टरकडे जाते.

त्या मावशी अंगणात खुर्चीवर बसल्या होत्या. अंगणातल्या कढीपत्त्याच्या पानांवर राखेचा थर होता. त्यांनी मला आवाजावरून ओळखलं.

“काहून वं सूनबाई, इतक्या सालानं माही आठवण आली?”

सत्त्याहत्तराव्या वर्षी मला सूनबाई म्हणणारं आता कोणी नाही. मी स्टूल ओढून बसले आणि सरळ विचारलं, “मावशी, तो बिबट्या मामंजींनी कशासाठी मारला होता? गुरं खात होता का?”

त्या हसल्या. दात नाहीत, त्यामुळे बराच वेळ हसल्यासारखं वाटलं. “साहेबानं कुठं मारला? गाडीखाली आला तो.”

“कोणाच्या गाडीखाली?”

“आता घ्या! तुमच्याच. चार दिवस मचाणावर बसून मच्छर खाल्ले दोघायनं. बंदूक तं खोळीतूनच नाई निघाली. आमच्या ह्यायले ताप चढला, तं साहेब म्हणे तू मांगं झोप, मी चालवतो. उजाडून राहिलं होतं. अन् तो आडवा आला.”

मावशी पुढे म्हणाल्या, “जीव होता त्याच्यात. ह्यायनं म्हटलं, साहेब, घाला गोळी, सुटंल बिचारा. साहेबाच्यानं नाई झालं. रोडवरच बसले त्याच्यापाशी, संपेपर्यंत.”

“मग घरी कशाला आणला?”

“टाकून कसं द्याचं? साहेब म्हणे, माह्या हातानं मेला, मी घेऊन जाईन. घरी आले तं गल्लीतल्यायनं हारच घातला. मंग काय सांगाचं? ह्यायनं विचारलं, साहेब, मी लोकायले काय सांगू? तं म्हणे, ‘मारला म्हणून सांग. ते खोटं नाही.’ वकील माणूस ना वं!”

परत येताना ऑटोवाल्यानं दोनदा विचारलं, कुठं उतरायचं. माझं लक्ष नव्हतं. मामंजी खोटं बोलले नव्हते. मराठीत ते खरंच होतं. खोटं कुठे लिहिलं गेलं असेल तर माझ्या अक्षरात, इंग्रजीत. पण त्यांना माझ्याइतकंच इंग्रजी येत होतं. त्यांनी ते वाचलं आणि सही केली. मला दुरुस्त का केलं नाही? सुनेपुढे सांगायची लाज वाटली? की एवढ्या वर्षांनंतर ‘शॉट’ वाचायला बरं वाटलं? मी आजही त्या ओळीवरचं त्यांचं बोट आठवून बघते आणि मला काहीच वाचता येत नाही.

आणि आता काय करायचं, तेही कळेना. मावशींनी सांगितलेलं थोरलीला सांगितलं तर तिचा बिबट्या कोल्ह्याच्या बाजूला जातो आणि ती येते. पण मग आजोबांच्या बाबांनी शिकार केलीच नाही असं होतं, आणि मिशांना लावलेल्या त्या हाताचं काय? एक सांगावं तर नात येते आणि नवऱ्याचे वडील जातात. मी हिशेबी बाई, दोन बाजूंना दोन रकाने आखले. ते भरता आले नाहीत.

रविवारी जेवणं झाल्यावर मी सांगून टाकलं. आधी कोराडीला गेल्याचं, मग बाकी. आजोबांनी ताट सरकवलं आणि म्हणाले, “ते खाली काढ.”

डोकं आम्ही टेबलावर वर्तमानपत्र घालून ठेवलं. त्यांनी उजव्या जबड्याखालची शिवण बोटानं चाचपली. ती गोळीची जागा, असं मला नवी नवरी असताना त्यांनीच दाखवलं होतं.

“डावा दिवा,” ते म्हणाले.

“काय?”

“जीपचा डावा दिवा फुटला होता. काचा मी उचलल्या. बाबा म्हणाले, बंदुकीचा दस्ता लागला.”

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं?”

“मी नऊ वर्षांचा होतो, वेडा नव्हतो.”

“मग बोलला का नाहीत?”

“वर्गात सगळ्यांना सांगून झालं होतं,” ते म्हणाले. मला हसू आलं. त्यांना आलं नाही.

मग त्यांनी विचारलं, “थोरलीला सांगितलंस?”

“नाही अजून.”

“सांग. तिला येऊ दे. पण गाडी बाबा चालवत होते हे नको सांगू. ड्रायव्हर चालवत होता म्हण.”

“अहो, त्या माणसाला आता आपली बाजू सांगता येत नाही.”

“बाबांना तरी कुठे येते?”

तेही खरं. पण कोराडीच्या अंगणात बसलेल्या त्या म्हाताऱ्या बाईच्या नवऱ्यावर ती गाडी मला ढकलता येईना. म्हणून मी जसं ऐकलं तसं लिहिलं. थोरले, ‘मारायचं नव्हतं’ आणि ‘मारलं’ यातला फरक तुला कळतो. मला अजून नीट कळत नाही. चार दिवस मचाणावर ते कशासाठी बसले होते? मारायलाच ना? मग ज्याला मारायला गेले तो समोर मरत असताना त्यांच्याकडून गोळी का सुटली नाही? तू आलीस तर आपण दोघी बोलू. डोकं भिंतीवर असावं की नसावं हे मी ठरवलेलं नाही. तसं टाकूनही देता येत नाही, त्याचे कागद आहेत, आणि कागदावर चुकीचा शब्द आहे. जंगलखात्यात जाऊन तो बदलून मिळतो का, विचारणार आहे. बदलून काय लिहायचं, ते मात्र ते लोक मलाच विचारतील.

माझं मराठी शुद्धलेखन कच्चं, म्हणून पाठवण्याआधी सगळं आजोबा तपासतात. ही पानं त्यांच्याकडे दोन दिवस होती. आज सकाळी त्यांनी ती माझ्या चष्म्याच्या डबीखाली ठेवली. चार ठिकाणी वेलांट्या सुधारल्या आहेत. ‘साहेब म्हणे तू मांगं झोप, मी चालवतो’ या ओळीशी समासात पेन्सिलनं बारीक अक्षरात एकच शब्द आहे, ‘हो’. खोडलेलं काही नाही.

बिबट्या अजून टेबलावरच आहे. आम्ही दोघं सध्या स्वयंपाकघरात जेवतो.