स्वप्नं नेणारी गोळी

नांदेडच्या दवाखान्यात आम्हा पेशंटांनाच बैठकीला बोलावलं होतं. तळपायांच्या आगीवर आम्ही सगळे एकच गोळी घेत होतो, आणि पुढच्या संशोधनात काय तपासावं ते आम्हीच सांगायचं होतं. माझ्या शेजारी मुखेडकडच्या एक मावशी बसल्या होत्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळायचं, सोडायचं आणि खिडकीबाहेरच्या लिंबाकडे बघत राहायचं, एवढंच त्यांचं चाललं होतं.

"मावशी, तुम्ही सांगा की काही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"आग थांबली, बाई. झोपबी लई लागती. पण सपान पडत न्हाई. माझी धाकली बहीण वारली, ती सपनातच यायची. म्हणून पितरांच्या अमावस्येला मी गोळी घेत न्हाई. पाय जळतेत, पर ती येती. दोन्ही जमतंय का, तेवढं बघा."

डॉक्टरीणबाईंनी ते वहीत लिहून घेतलं. पंखा संथ फिरत होता.

"आणखी कुणाची स्वप्नं गेलीत?" डॉक्टरीणबाईंनी हळूच विचारलं.

आई जाऊन बरीच वर्षं झाली. स्वप्नात शेवटची कधी आली होती बरं? बाहेर उन्हात लिंबाची पानं हलत होती. मी आठवत राहिलो. भानावर आलो, तेव्हा माझा हात वर होता.