गोल टेबलाचा पाठ

माझा वाडगा पूर्ण फेरी मारून माझ्याकडे परत आला. भरलेला.

टेबल गोल होतं. मधोमध फिरती फळी. तिच्यावर पदार्थ ठेवायचे, फळी हळू फिरवायची, समोर येईल ते आपल्या वाटीत घ्यायचं. चीनमध्ये घरची माणसं एकत्र कशी जेवतात, एवढंच मला सातवीच्या मुलांना दाखवायचं होतं. नूडल्स आल्या, मुलांनी घेतल्या. सूप आलं, घेतलं. माझी डम्पलिंग्ज आली. तांदळाच्या पिठाची पारी, आत कोबी-गाजर, उकडलेली. प्रत्येकानं फळीच्या कडेला बोट लावून ती पुढे सरकवली. कोणी हसलं नाही, कोणी तोंड वाकडं केलं नाही. त्या बोटांना ते आधीच शिकवलेलं होतं.

मी प्रथमेशला विचारलं, का रे, आवडत नाहीत? तो शाळा समितीच्या अध्यक्षांचा नातू. हुशार, सरळ मुलगा. त्यानं खाली बघून सांगितलं, "घरी सांगितलंय, नाय खायचं."

"कोणाचं नाही खायचं?"

"तुम्हाला माहीत हाय, मॅडम."

टेबलावर आणखी एक डबा होता. बौद्धवाडीतल्या सोनलचा. तिच्या आईनं मोबाइलवर बघून फ्राइड राइस केला होता, वर कांद्याची पात चिरून. तो डबा फळीवर चढलाच नाही. माझा वाडगा परत येताना सोनलनं पाहिला आणि कोणी काही बोलायच्या आत आपला डबा उचलून दप्तरात टाकला. झाकण लावलं, चेन ओढली, हात मांडीवर ठेवले. कोणी सांगितलं नव्हतं. तिचं तिनंच आवरून घेतलं.

आमची जिल्हा परिषदेची शाळा पोलादपूर तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याशी. मी महाडची, रोज एस्टीनं येऊन-जाऊन. 'शेजारी देश' हा उपक्रम मी मागून घेतला होता. चीनला मी कधी गेले नाही, पण काम हातात घेतलं की नीट करायचं. कोणी काय आणायचं ते वाटून दिलं. मुलांनी बांबू आणून जेवायच्या काड्या तासल्या. फळी महाडला गोल कापून घेतली, खाली गॅरेजमधली जुनी बेअरिंग बसवली. थर्मासात गरम पाणी ठेवलं, कारण तिकडे माणसं दिवसभर गरम पाणी पितात. तिथल्या कितीतरी शाळांत मुलं दुपारी बाकावर डोकं टेकून झोपतात, हे ऐकून वर्ग खूश झाला. मॅडम, हे आपल्याकडं पण चालू करा.

ते साप खातात का, हे विचारून झालं होतं. मी म्हटलं, आपण पावसाळ्यात बत्ती घेऊन खेकडे धरायला जातो, ते ऐकून पुण्याची पोरं नाक मुरडतात. सगळे हसले. दुसऱ्याच्या ताटाला नावं ठेवायची नाहीत, असं मी फळ्यावर लिहिलं. सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं.

माझा वाडगा परत आला, ती रंगीत तालीम होती. खरा कार्यक्रम दुसऱ्या दिवशी, केंद्रप्रमुखांसमोर. मुख्याध्यापकांनी मला ऑफिसात बोलावलं. तालमीत काय झालं ते त्यांना कळलं होतं. कसं, ते मी विचारलं नाही. त्यांनी तोडगाही काढून ठेवला होता. माझा वाडगा आणि सोनलचा डबा बाजूच्या बाकावर मांडायचे. पुढे नावाची चिठ्ठी.

"खायला नाही, बघायला," ते म्हणाले. "प्रदर्शन."

मी म्हटलं, सर, हा पाठच एका टेबलाचा आहे. ते हसले. "मॅडम, तुम्ही महाडच्या. पण प्रत्येक गोष्टीचा सत्याग्रह करायचा नसतो."

संध्याकाळी थांब्यावर अध्यक्ष उभे होते. गाव त्यांना आप्पा म्हणतं. मोटारसायकल बंद, चावी बोटात. पाठीमागे दोघं, माझ्या ओळखीचे नसलेले. एरवी त्या वेळी थांब्यावर चार बाया असतात. त्या दिवशी एकही नव्हती. आप्पांनी माझी विचारपूस केली. रस्ता खराब हाय, दरड कधी खाली येईल नेम नाय, असं म्हणाले. मग म्हणाले, "पोरगा तुमचा महाडला क्लासला जातो ना? अंधार पडल्यावर एकटाच घरी येतो."

मी त्यांना कधी मुलाबद्दल सांगितलं नव्हतं.

एस्टी आली. बसले. पोलादपूर येईपर्यंत मोटारसायकलचा दिवा मागे होता. मग दिसेना. दिसेना तेव्हा जास्त भीती वाटली.

मी व्यवहारी बाई. स्टाफरूममध्ये माझा कप वेगळा ठेवायला लागले, तेव्हा मी घरून स्वतःचाच कप आणला आणि स्वतःलाच म्हटलं, बरं झालं, स्वच्छ तरी राहील. हळदीकुंकवाला बोलावणं आलं नाही, तेव्हा म्हटलं, वेळ वाचला. प्रत्येक अपमानाची मी सोय करून घेतली. सोनलनं दप्तराची चेन ओढली, तो आवाज माझ्या ओळखीचा होता. ती बारा-तेरा वर्षांची पोर माझ्यासारखी व्हायला लागली होती.

सकाळी मुलाला सांगितलं, आज क्लास झाल्यावर मामाकडे थांब. मग डम्पलिंग्ज पुन्हा केली.

शाळेत दोन्ही पदार्थ बाकावर मांडलेले. चिठ्ठ्या छापील. खिडक्यांबाहेर पालक उभे. केंद्रप्रमुख बसले, शेजारी आप्पा. मी वाडगा आणि डबा उचलून फळीवर ठेवले आणि पाहुण्यांकडे बघून म्हटलं, "चीनमध्ये एका टेबलावर जेवतात. इथं दोन मांडली आहेत, कारण एक माझ्या आणि सोनलच्या जातीसाठी आहे. एक टेबल असेल तर पाठ घेईन. नाहीतर नाही."

मुख्याध्यापक म्हणाले, मॅडमना बरं वाटत नाही. केंद्रप्रमुखांनी मोबाइल बघायला घेतला. आप्पांनी आवाजही चढवला नाही.

"चला रे पोरांनो. घरी."

मुलं उठली. ओरडा नाही, ढकलाढकली नाही. रांगेत गेली, चपला घातल्या, गेली. मीच शिकवलेली शिस्त. सोनल बसून राहिली. तिनं या वेळी डबा उचलला नाही. मला विचारलं, "मॅडम, आता तुम्हाला काढतील?"

"बदली करतील. डोंगरावर कुठंतरी."

"आणि मला?"



तिचे वडील महाडच्या एमआयडीसीत कामाला. त्याच संध्याकाळी ते माझ्या घरी आले, पण बसले नाहीत. वाडीतल्या दोघांना मजुरीला येऊ नका म्हणून निरोप गेला होता. त्यांनी विचारलं, पोरीला सोमवारी पाठवू का नको. मी म्हटलं, पाठवा. काही होणार नाही, असं म्हटलं नाही. होईल, हे दोघांनाही माहीत होतं.

मुख्याध्यापकांचा फोन येऊन गेलाय. गैरसमज झाला असं दोन ओळींत लिहून द्या, बदलीचं मी बघतो. मी लिहून देणार आहे, पण त्यांना नाही. पोलीस ठाण्यात. त्यात कोण काय बोललं ते नावासकट असेल. थांब्यावरचं बोलणंही असेल. गैरसमज हा शब्द नसेल.

सोमवारी खिचडीच्या वेळी मी खाली, मुलांच्या पंगतीत बसणार आहे. टोकाला नाही, मधोमध. सोनल माझ्याजवळ. ज्याला उठून जायचं त्यानं जावं. आम्ही उठणार नाही.