जावयानं आणलेली ताकद

माझे दाजी तेलगावला खतं-बियाण्यांचं दुकान चालवतात. त्यामुळे माणसाच्या तब्येतीवर बोलायचा अधिकार त्यांच्याकडे आपोआपच आला. कपाशी पिवळी पडली की ते सूक्ष्म अन्नद्रव्यं देतात आणि सासऱ्याला दम लागला की कॅप्सूल. मी परळीत अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो, म्हणून घरात या विषयावर मला कोणी काही विचारत नाही.

त्यांचे सासरे म्हणजे आमचे आबा. उभी नोकरी औष्णिक वीज केंद्रात, म्हणजे गावाच्या भाषेत ‘थर्मल’मध्ये, बॉयलरपाशी गेली. निवृत्तीनंतर हृदयाची एक झडप बदलावी लागली आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी कायमची मागे लागली. ही गोळी भलतीच मानी. ताटात मेथी जास्त झाली तरी तिचं बिनसतं. बिनसलं की रक्त घट्ट होतं, झडपेवर गुठळी धरते आणि ती मेंदूकडे जाऊ शकते. म्हणून दर महिन्याला अंबाजोगाईला जाऊन रक्त तपासायचं.

दिवाळीनंतर दाजी एक चकचकीत डबा घेऊन आले. आमच्याकडे जावई घ्यायला येतो. द्यायला आला म्हणजे मीच सावध व्हायला हवं होतं, पण चकलीवर लक्ष होतं.

"मामा, आपल्या पेशी-पेशीत एक थर्मल हाय," मोबाईलवरचं रंगीत चित्र पुढं करत दाजी म्हणाले. "वय झालं की त्यातलं को-क्यू-टेन कमी पडतं, मंग वीज कमी बनती. ही कॅप्सूल घेतली की फुल लोड!"

आबांनी चित्र बराच वेळ निरखलं. "आन् राख कुठं टाकतात?" त्यांनी विचारलं.

दाजींच्या मोबाईलमध्ये राखेची सोय नव्हती.

दाजींच्या बोलण्यात थोडं खरंही होतं, हीच पंचाईत. ते द्रव्य शरीर स्वतःच तयार करतं, पेशीत ऊर्जा बनायला ते लागतं, वयानुसार कमी होतं, काही हृदयरोग्यांना डॉक्टर ते देतातही. पण दाजींच्या डब्यावर ते केसगळतीपासून गुडघेदुखीपर्यंत सगळ्यावर चालत होतं. जे सगळ्यावर चालतं ते कशावर चालतं, हे विचारायची आपल्याकडे रीत नाही.

आबांनी कॅप्सूल सुरू केली. आबांना थर्मलमध्ये साहेबाला तोंडावर बोलणारा माणूस म्हणून ओळखत. पण जावयाला नाही म्हणायचं नसतं. दाजींनी एकदा चहात साखर कमी आहे म्हटलं, तर पुढं महिनाभर आम्ही सगळे पाक पीत होतो.

पुढच्या तपासणीत रक्त घट्ट निघालं. डॉक्टरांनी विचारलं, "दुसरं काही चालू आहे का? काढा, चूर्ण, कसली गोळी?"

"न्हाई," आबा शांतपणे म्हणाले. त्यांच्या हिशेबी हे खोटं नव्हतं. डॉक्टर देतो ते औषध, जावई देतो तो आहेर.

मी डब्याचं सांगून टाकलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. या द्रव्याची घडण रक्त गोठायला मदत करणाऱ्या व्हिटॅमिन के सारखी असते, काहींच्या बाबतीत ते गोळीचा जोर कमी करतं, ते म्हणाले. कॅप्सूल आजच बंद करा आणि आठवड्यानं पुन्हा रक्त तपासा. बाहेर आल्यावर आबा माझ्यावर उखडले. "परक्या मानसापुढं जावयाचं नाव काढलंस!" मी फक्त कॅप्सूलचं नाव काढलं होतं.

घरी येऊन मी डबा उचलला, तर त्यांनी माझा हात धरला. "जावईबापूंनी इच्यारलं तर काय सांगू?"

"डॉक्टर नको म्हणाले म्हणून सांगा."

"म्हंजी त्यांची चूक काढायची. मंग तुझ्या बहिणीला तिथं ऐकून घ्यावं लागंल." आणि माझ्यादेखत त्यांनी कॅप्सूल गिळली.

मला भयंकर राग आला. हा माणूस ताकदीसाठी ती खातच नव्हता. लेकीच्या काळजीपोटी तो जिवाशी खेळत होता. मी ताईला फोन केला. ती दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आली, पिशवी न ठेवताच आबांसमोर बसली.

"आबा, माझं लग्न लावून दिलं का मला गहाण ठिवलं तुमी?"

तिनं नवऱ्याला फोन लावला, आवाज मोठा केला आणि फोन आबांच्या हातात दिला. आबा उठून उभे राहिले. जावयाशी ते फोनवरही बसून बोलत नाहीत.

"जावईबापू, ती कॅप्सूल... मी घेनार न्हाई. डॉक्टर नको म्हनले."



"बरं केलं मामा," पलीकडून दाजी म्हणाले. "मी बी सोडल्या. मला तर लई पित्त झालं त्यानं. तिच्यासंगं जराशी शेंगदान्याची चटनी धाडा." आणि फोन बंद.

मला हसू फुटणार होतं, पण आबांकडे पाहून आवरलं. ते फोन धरून तसेच उभे होते. ताईच्या लग्नापासून ते जावयाला ‘नाही’ म्हणायला भीत आले होते. हळूच खाली बसून त्यांनी ताईकडे पाहिलं.

"तू सुखात हायस ना गं तिथं?"

इतक्या वर्षांत त्यांनी तिला हे कधी विचारलं नव्हतं. ताईच्या कानशिलावरचे केस आता पांढरे झालेत. तिनं पदरानं डोळे पुसले.

"आज इच्यारलं व्हय, आबा," ती म्हणाली.