उतारावर पाय उचलताना

चाचणीच्या ट्रॅकवर सगळे त्यांना काकू म्हणत. विजेवर धावणाऱ्या स्पोर्ट्स कार सुसाट पळवायच्या आणि त्या कशा थांबतात ते बघायचं, हे त्यांचं काम. नवरा शिंपी. तो गिऱ्हाइकांना सांगायचा, "लोक गाडी चालवायचा पगार घेतात, आमच्या हिला थांबवायचा मिळतो."

त्या हिवाळ्यात गाडीला नवी, मोठी बॅटरी बसवली. वजन वाढलं म्हणून ब्रेकही मोठे लावले. काठोकाठ चार्ज केलेली गाडी घेऊन काकू उतारावर निघाल्या. वळणाआधी त्यांनी सवयीनं ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला. एरवी पाय उचलला की मोटरच गाडीला आवरते आणि त्यातून तयार झालेली वीज बॅटरीत परत भरते. पण भरलेल्या बॅटरीत वीज घ्यायला जागाच नव्हती. गाडी आवरेना. ब्रेक दाबेपर्यंत गाडी वळण सोडून खडीत घुसली होती.

अंगाला ओरखडाही नाही. ट्रॅकवरच्या इंजिनिअरनं कारण शोधलं आणि दुरुस्ती केली. "आता बॅटरी भरलेली असली, तर पाय उचलताच चाकांचे ब्रेक आपोआप लागतील," तो म्हणाला.

गाडी पुन्हा उतारावर गेली. वळण अगदी सुरेख पार झालं. इंजिनिअर हसत हसत धावत आला. "काकू, काय वळण घेतलं गाडीनं!"

काकूंना आनंदानं मान डोलावता आली असती. पण खोटं बोलायला जीभ रेटेना. "गाडीनं नाही, मी घेतलं. मी आधीच ब्रेक दाबला होता."

"का?"

"भीती वाटली."

त्यानं ते टिपून घेतलं. मग म्हणाला, "बरं झालं सांगितलंत."

घरी त्या नवऱ्याला म्हणाल्या, "पाय माझं ऐकतच नाही हो. हे काम सोडून द्यावंसं वाटतं."

त्यानं कापड बाजूला ठेवलं. "माझ्या बोटातून मशीनची सुई आरपार गेली होती, तेव्हा मशीनजवळ जायचंही धाडस होत नव्हतं."

"मग काय केलंत?"

"सावकाश शिवलं. गिऱ्हाइकं वैतागली. वैतागू दिलं."

काकूंनी इंजिनिअरकडून हळू वेगाच्या फेऱ्या मागून घेतल्या. तो शेजारी बसला. बॅटरी दर वेळी काठोकाठ भरून घेत. दर फेरीला वेग थोडा वाढे, आणि काकू पाय उचलून नुसत्या थांबत. ब्रेककडे धावणारा पाय जागच्या जागी धरून ठेवत. शेवटी पूर्ण वेगात उतार आला. त्यांनी पाय उचलला. क्षणभर काहीच नाही. मग चाकांनी स्वतःहून पकड घेतली आणि गाडी शहाण्यासारखी मंदावली.

काकूंचा जीव भांड्यात पडला. शेजारी पाहिलं, तर इंजिनिअर दोन्ही हातांनी दाराची मूठ आवळून बसलेला.

"आणखी एकदा?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही जाऊन या," तो म्हणाला, "मी बाहेरूनच बघतो."